सोन्याचं औषध सिस्प्लॅटिनपेक्षा २७ पट प्रभावी, म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आहे. रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘लाईट’ म्हणतात, ते चालू आहे आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमपासून बनवलेल्या केमोथेरपीच्या औषधाचं सलाईन. उलट्यांनी त्या बेजार झाल्या आहेत. ऑस्ट्रेलियात सोन्यापासून बनवलेलं औषध सिस्प्लॅटिनपेक्षा २७ पट प्रभावी ठरल्याचं तुम्ही वाचलंत. ते कुठे मिळेल, आणि तोवर सुवर्णभस्म सुरू करावं का? तुम्ही स्वतः रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय, म्हणून ‘वरवरचं नको, नीट सांगा’ असंही लिहिलंय.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. ते औषध आज कुठेच मिळत नाही, मुंबईत नाही आणि मेलबर्नमध्येही नाही. कॅन्सरवर मान्यता मिळालेलं सोन्याचं एकही संयुग आज बाजारात नाही. सुवर्णभस्म ही त्याची पर्यायी वस्तू नाही. आणि आईंचं सिस्प्लॅटिन डॉक्टरांनी थांबवायला सांगितल्याशिवाय थांबवू नका. मी डॉक्टर नाही. गेली बावीस वर्षं सोन्याची संयुगं बनवणं आणि ती पेशींवर तपासणं हेच माझं काम आहे. या धातूवर माझा जीव आहे, म्हणूनच त्याच्या नावावर घाईने काही खपू नये असं मला मनापासून वाटतं.

आता बातमी. ती खोटी नाही. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात सुरेश भार्गव यांचा गट बरीच वर्षं सोन्याच्या रसायनावर काम करतो आहे आणि हैदराबादची आयआयसीटी ही आपली राष्ट्रीय प्रयोगशाळा त्यांच्या सोबत आहे. २०२५ मध्ये त्यांनी जे जाहीर केलं त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या, त्या बातमीत एकमेकींत मिसळल्या. पहिली, प्रयोगशाळेत वाढवलेल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपेशींवर त्यांचं संयुग सिस्प्लॅटिनच्या २७ पट तीव्र ठरलं. दुसरी, उंदरांमध्ये गाठीची वाढ ८२ टक्क्यांनी कमी झाली, तिथे सिस्प्लॅटिनचा आकडा २९ टक्के होता. तिसरी, झेब्राफिश या छोट्या माशात गाठीला रसद पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या तयार होणं थांबलं. तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण माणूस यात कुठेच नाही.

२७ हा आकडा येतो कसा ते पाहा. प्लास्टिकच्या तबकडीत ९६ छोटे खळगे असतात, एकेका खळग्यात काही हजार पेशी वाढवलेल्या. त्यांत संयुग उतरत्या प्रमाणात घालतात, दोन-तीन दिवस ठेवतात आणि किती पेशी जगल्या ते मोजतात. निम्म्या पेशी ज्या प्रमाणाला मरतात तो आकडा लिहून घ्यायचा. सिस्प्लॅटिनला लागलेल्या प्रमाणाच्या सत्ताविसाव्या भागात काम झालं, की झालं २७ पट. म्हणजे ही तीव्रतेची तुलना आहे, गुणाची नाही. सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, तोही अगदी थोड्या प्रमाणात पेशी मारतो. औषध ठरायचं तर कॅन्सरची पेशी मेली पाहिजे आणि तिच्याशेजारची धडधाकट पेशी जगली पाहिजे, तेही तबकडीत नव्हे, रक्तामांसाच्या शरीरात.

या मोजणीत एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडले आहे. आमची संयुगं पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून ती डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून पेशींवर घालतात. सुरुवातीच्या वर्षांत एकदा सगळे नमुने एकसारखे असावेत म्हणून मी तुलनेसाठीचं सिस्प्लॅटिनही डीएमएसओमध्येच विरघळवलं. निकाल पाहून हरखून गेले, आमचं संयुग चाळीसपट सरस! पण डीएमएसओमधला गंधक प्लॅटिनमला जाऊन चिकटतो, क्लोराइडला बाजूला सारतो आणि सिस्प्लॅटिन हे सिस्प्लॅटिन राहतच नाही. मिठाच्या पाण्यात नव्याने विरघळवून पुन्हा मोजलं तेव्हा चाळीसचे सहा झाले. सहाही वाईट नव्हते. पण मधले दोन महिने मी चुकीच्या आकड्यावर विसंबून पुढची संयुगं बेतली होती. तेव्हापासून ‘सिस्प्लॅटिनपेक्षा इतके पट’ असं कुठेही दिसलं, की सिस्प्लॅटिन कशात विरघळवलं होतं हे मी आधी शोधते. मेलबर्नच्या कामाविषयी माझी ही शंका नाही. पण तुम्ही रसायनशास्त्र शिकला आहात, ही सवय तुम्हालाही असावी.

मग सोन्याच्या मागे लागायचंच कशाला?

कारण सोनं पेशीत जिथे घाव घालतं ती जागा सिस्प्लॅटिनहून वेगळी आहे. सिस्प्लॅटिन डीएनएवर जाऊन बसतं, त्यातल्या ग्वानिन या घटकाच्या नायट्रोजनला धरतं. हुशार कॅन्सरपेशी डीएनएची दुरुस्ती शिकतात आणि मग औषध लागू पडेनासं होतं. सोन्याला डीएनएची फारशी ओढ नाही. पिअर्सनचं मऊ-कठीण आम्ल-आम्लारीचं तत्त्व तुम्ही शिकला असाल: मऊ मऊला धरतं, कठीण कठीणाला. एकसंयुजी, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेलं सोनं हा अत्यंत मऊ आयन आहे, त्याची ओढ गंधकाकडे आणि गंधकाहूनही जास्त सेलेनियमकडे. आपल्या पेशींत सेलेनियम असलेली प्रथिनं मोजकीच आहेत. त्यातलं एक थायोरेडॉक्सिन रिडक्टेज, हे एक विकर, म्हणजे एन्झाइम. याच्या शेपटाशी, शेवटून दुसऱ्या जागेवर, सेलेनोसिस्टीन हे सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल उघडं बसलेलं असतं. सोनं तिथे घट्ट बसलं की विकर बंद.

हे विकर बंद पडल्याने कॅन्सरपेशीचं काय बिघडतं? भरमसाट वाढणाऱ्या पेशीत ऑक्सिजनची विध्वंसक रूपं सतत तयार होत असतात, आणि ती निस्तरण्याचं बरंच काम थायोरेडॉक्सिनच्या यंत्रणेवर असतं. डीएनएचे नवे घटक बनवायलाही तिची मदत लागते. मोरी आधीच तुंबत आलेल्या घरात पाइप बंद केला तर आधी त्या घरात पाणी चढेल, शेजारी जरा उशिरा. सोन्याच्या औषधाची सगळी आशा या ‘जरा उशिरा’वर आहे. शेजारच्या घरातही तोच पाइप आहे, हे मात्र विसरता येत नाही. निरोगी पेशींनाही हे विकर लागतंच.

कल्पना नवी नाही. रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये सोन्याचं सायनाइड क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतं असं सांगितलं. पुढे फ्रान्समध्ये झाक फोरेस्तिए यांनी १९२९च्या सुमारास सोन्याचे क्षार संधिवातावर वापरले आणि तिथे ते खरोखर लागू पडले. जुन्या डॉक्टरांना ‘सोन्याचं इंजेक्शन’ आठवत असेल, ते हेच. मग आलं ऑरानोफिन, तोंडाने घ्यायचं. त्याला १९८५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही संधिवातावर. रेणू साधाच आहे: मधोमध सोन्याचा अणू, एका बाजूला ट्रायइथाइलफॉस्फिन हा फॉस्फरसचा गट, दुसऱ्या बाजूला गंधकाने जोडलेली ग्लुकोजसारखी साखर. थायोरेडॉक्सिन रिडक्टेजला तो नॅनोमोलर, म्हणजे अत्यंत कमी प्रमाणात बंद पाडतो. एवढी जबर पकड असलेले रेणू रोज सापडत नाहीत.

मग १९८५ पासून आजवर ऑरानोफिन कॅन्सरचं औषध का झालं नाही? तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

संधिवातावर मान्यता मिळाली त्याच वर्षी उंदरांतल्या अनेक प्रकारच्या गाठींवर ऑरानोफिन तपासल्याचं काम प्रसिद्ध झालं. तबकडीत जोरदार असलेलं हे संयुग उंदरात एकाच ठिकाणी चाललं: पोटाच्या पोकळीत वाढणाऱ्या पी३८८ या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, आणि तेही औषध थेट त्याच पोकळीत टोचलं तर. शिरेतून किंवा तोंडाने दिलं, की काही नाही. कारण रक्त. रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन असतं, त्याच्या चौतिसाव्या जागेवर एक मोकळं सिस्टीन, म्हणजे मोकळा गंधक. शिरेत शिरलेल्या सोन्याला गंधकाची रांगच सामोरी येते. वाटेत साखर गळते, फॉस्फिन गळून त्याचं ऑक्साइड होतं आणि सोनं अल्ब्युमिनला धरून आठवडेच्या आठवडे शरीरात फिरत राहतं. त्यातून पेशीत शिरलेल्या सोन्याला पेशीतलं ग्लुटाथायोन हे छोटं संयुग अडवतं. तेही गंधकाचंच, आणि मिलिमोलर प्रमाणात, म्हणजे आपल्या विकरापेक्षा कितीतरी पट जास्त.

तबकडीतल्या द्रवात साधारण दहा टक्के वासराचं सीरम असतं, शरीरात पूर्ण रक्त. आम्ही आता प्रत्येक नवं संयुग अल्ब्युमिनसोबत रात्रभर ठेवून मगच पेशींवर घालतो. दहातली सात-आठ तिथेच बाद होतात. आकडे चांगले असलेलं संयुग असं बाद होताना पाहणं अजूनही जड जातं.

‘मग गंधकाला दाद न देणारं सोनं बनवा’ असं तुम्ही म्हणाल. तो मार्गही चोखाळून झाला. १९८०च्या दशकात दोन डायफॉस्फिनांनी (प्रत्येकी दोन फॉस्फरस असलेल्या रेणूंनी) सोन्याला चारी बाजूंनी चिमट्यासारखं धरलेलं एक संयुग तयार झालं. गंधकापुढे ते टिकलं, उंदरांतल्या गाठींवर चाललंही. पण धनप्रभार असलेला हा तेलकट आयन मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत जाऊन साचतो, आणि मायटोकॉन्ड्रिया सगळ्यांत जास्त हृदयाच्या स्नायूत. प्राण्यांच्या हृदयावर परिणाम दिसले आणि काम थांबलं. माणसापर्यंत ते पोचलं नाही आणि पोचायला नकोच होतं.

म्हणजे सैल धरलं तर रक्तात हरवतं आणि करकचून धरलं तर नको तिथे साचतं. या दोहोंच्या मध्ये बसणारी पकड शोधणं, हेच आमचं काम. सध्या मला सर्वांत भरवशाची वाटते ती कार्बीनची वाट. नायट्रोजनच्या कड्यातला कार्बन थेट सोन्याला धरतो. हा बंध फॉस्फिनपेक्षा पक्का असतो, आणि कड्यावरचे गट बदलून रेणू किती तेलकट ठेवायचा ते आपल्या हातात राहतं. त्रिसंयुजी सोन्याचीही एक शाखा आहे. त्याची चौकोनी सपाट रचना हुबेहूब सिस्प्लॅटिनसारखी, म्हणून अनेकांना ते आधी आकर्षक वाटतं. पण पेशीतल्या ग्लुटाथायोनपुढे ते बहुतेकदा एकसंयुजी होऊन जातं. हाँगकाँगमध्ये ची-मिंग चे यांच्या गटाने पॉर्फिरिनच्या कड्यात सोनं बसवून ते टिकवून दाखवलं, ते काम मला फार आवडतं.

प्रयोगशाळेत हे दिसतं कसं, तेही सांगते. सुरुवात होते क्लोरोऑरिक आम्लापासून, हळदीसारखे पिवळेधमक स्फटिक. हवेतला ओलावा इतका ओढतात, की वजनकाट्यावर बघता बघता पाझरतात. स्टीलचा चमचा चालत नाही, आम्ल त्याला खातं आणि चमच्यावर सोनं बसतं, म्हणून काचेचा किंवा प्लास्टिकचा. बर्फात ठेवलेल्या द्रावणात गंधकाचा एक नासका वास येणारा द्रव थेंबाथेंबाने सोडायचा. गडद पिवळा फिका होतो, मग लिंबाच्या सरबतासारखा, मग पाण्यासारखा स्वच्छ. त्या क्षणी त्रिसंयुजी सोनं एकसंयुजी झालेलं असतं. घाई केली किंवा बर्फ वितळला, तर द्रावणात जांभळी झाक येते आणि फ्लास्कच्या आतून सोन्याचा पातळ आरसा चढतो. दिसायला देखणा, पण दिवस वाया. सोनाराच्या दुकानातला केर फेकत नाहीत, झारेकरी तो धुऊन त्यातलं सोनं काढतात. तशी आमच्याकडेही एक बाटली असते. बिघडलेलं प्रत्येक द्रावण, पुसलेला प्रत्येक कागद त्यात. वर्षाअखेरीस आम्लराजात विरघळवून सोनं परत मिळवतो.

यावरून किमतीचं आठवलं. पुष्कळांना वाटतं सोन्याचं औषध म्हणजे श्रीमंतांचं. ऑरानोफिनची रोजची मात्रा ६ मिलिग्रॅम, त्यात सोनं १.७५ मिलिग्रॅमच्या आसपास. दहा ग्रॅमला एक लाख रुपये भाव धरला तर दिवसाला सतरा-अठरा रुपयांचं सोनं. औषध महाग होतं ते संशोधनामुळे आणि चाचण्यांमुळे, धातूमुळे नाही.

ऑरानोफिन कॅन्सरच्या रुग्णांना देऊन पाहिलेलंच नाही असंही नाही. संधिवाताच्या अनुभवामुळे त्याची सुरक्षित मात्रा माहीत आहे, म्हणून ल्युकेमिया, अंडाशयाचा कॅन्सर, फुप्फुसाचा कॅन्सर यांवर छोट्या चाचण्या झाल्या. जर्मनीत उल्म इथे मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कॅन्सरसाठी नऊ जुनी औषधं एकत्र दिली, त्यात एक ऑरानोफिन होतं. रुग्ण होते दहा. त्या नऊंपैकी नेमकं कोणी काय केलं हे अशा चाचणीतून सांगता येत नाही.

आता आईंच्या सलाईनमधल्या औषधाकडे वळते. मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल.

बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये प्लॅटिनमचा जिवाणूंवरचा परिणाम दिसला, तोही विजेचा परिणाम तपासताना. १९७८ मध्ये सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनबरोबर ते द्यावं असं जगभर ठरलं ते १९९९ नंतर. आणि आपल्याकडच्या, बऱ्याचदा उशिरा दवाखान्यात येणाऱ्या बायकांना त्याचा उपयोग होतो का, हे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने तपासलं. कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात असलेल्या ८५० स्त्रिया, निम्म्यांना फक्त रेडिएशन, निम्म्यांना रेडिएशन अधिक दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. निकाल २०१८ मध्ये आला. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण फक्त रेडिएशनच्या गटात ४६ टक्के आणि सिस्प्लॅटिनच्या गटात ५४ टक्के होतं.

८ टक्के. २७ पटीशेजारी हा आकडा किरकोळ वाटेल. पण हा आकडा घरी परतलेल्या बायकांचा आहे. शंभरातल्या आठ जास्त आया पाच वर्षांनी आपापल्या घरात होत्या, हे मोजून सांगितलेलं आहे, आणि ते सांगायला ८५० जणींना वर्षानुवर्षं तपासावं लागलं. सोन्याच्या कुठल्याही संयुगाच्या नावावर असा एकही आकडा अजून नाही. माझ्या हयातीत तो यावा अशी माझी फार इच्छा आहे.

म्हणून आईंच्या उलट्या सोसत बसू नका. उलट्यांवरची औषधं बदलता येतात, वाढवता येतात, पुढच्या फेरीआधी डॉक्टरांना दिवस आणि वेळा लिहून दाखवा. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला त्रास देतं, त्यासाठीच आधी-नंतर एवढं सलाईन चढवतात. लघवी कमी झाली, कानात गुणगुण सुरू झाली, बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर त्याच दिवशी कळवा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

याच कारणासाठी सुवर्णभस्म डॉक्टरांच्या नकळत सुरू करू नका. आयुर्वेदाचा अपमान करण्याचा हेतू नाही. भस्मातलं सोनं धातुरूपात असतं, अतिसूक्ष्म कणांच्या स्वरूपात, शून्य संयुजेचं. वर सांगितलं ते सगळं एकसंयुजी सोन्याचं, कशाला तरी बांधलेल्या आयनाचं रसायन आहे. तुमच्या बोटातल्या अंगठीतलं सोनं आणि ऑरानोफिनमधलं सोनं यांत जेवढा फरक, तेवढाच इथेही. नाव एक म्हणून गुण एक, असं रसायनात होत नाही. शिवाय बाजारातल्या प्रत्येक पुडीत सोन्याखेरीज काय आहे याची खात्री नसते, आणि मूत्रपिंडावर आधीच ताण असताना तो धोका पत्करण्यासारखा नाही.

सोन्याच्या नॅनोकणांच्या बातम्याही तुमच्या वाचनात येतील. तो तिसराच प्रकार. तिथे सोनं रसायन म्हणून नव्हे तर तापणारा कण म्हणून वापरतात. अमेरिकेत प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये सोन्याचा थर दिलेले सिलिकाचे कण शिरेतून देऊन, ते गाठीत साचले की लेझरने तापवून गाठ जाळण्याचा प्रयोग १६ पुरुषांवर झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. काम चांगलं आहे, पण त्याचा आईंच्या आजाराशी आज संबंध नाही.

आणि एक शेवटचं. अशी बातमी आली, की ‘गोल्ड थेरपी’ देणारे कोणी ना कोणी उगवतातच, आणि तुमच्यासारख्या अगतिक घरांपर्यंत ते बरोबर पोचतात. कोणी ‘ट्रायल चालू आहे’ म्हणालं तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या औषधचाचण्यांच्या नोंदवहीचा (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) नोंदणी क्रमांक मागा. भारतातली चाचणी तिथे नोंदवावी लागते आणि ती यादी कोणालाही मोबाइलवर फुकट पाहता येते. नाव, संस्था, औषध, टप्पा, सगळं तिथे लिहिलेलं असतं. तपासायच्या नव्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. क्रमांक नसेल किंवा पैसे मागत असतील, तर आईंचे रिपोर्ट परत घ्या आणि तिथून निघा.